जावयाच्या घरी

केळीच्या पॅकिंगवरून सुटलो की गुरुवारी
आम्ही आठ-नऊ जणी कपिलाच्या ओट्यावर जमतो,
चोपड्याच्या पुढे, जिथून सातपुडा
निळा नाही, राखाडी दिसतो मे महिन्यात.
बोटांना केळीचा चीक, काळा.
क्रूसाची खूण करतानाही तोच हात.

फादर महिन्यातून एकदा येतात मोटारसायकलवर.
बाकीचे गुरुवार आमचे आम्ही.

वाचते मी, कारण मला वाचता येतं, इतकंच.
तीनदा वाचायचं, असं सिस्टर अनुग्रहा शिकवून गेली:
पहिल्यांदा कानासाठी,
दुसऱ्यांदा कशासाठी ते मी विसरले,
तिसऱ्यांदा गप्प बसण्यासाठी.
मग जिला जे टोचलं, तिने ते सांगायचं.
समजावून नाही. नुसतं सांगायचं.
आणि दुसरीने त्यावर बोलायचं नाही.

आज शिमोनाची सासू होती.
चार ओळींची गोष्ट. ती तापाने पडलेली,
येशू येतो, हात धरून तिला उठवतो,
ताप जातो, आणि ती सगळ्यांना वाढायला लागते.
दुसऱ्या वाचनात लाइट गेली.
रुफिनाने मोबाइलची बॅटरी धरली,
पानावर किडे आले, मी फुंकर मारत वाचत राहिले.

दुरकीबाई म्हणाली, ताप.
तिचे गुडघे चिकुनगुन्यापासून धरलेत, तिला दुसरं काय टोचणार.
रुफिना म्हणाली, हात.
सुगंधा म्हणाली, वाढायला लागली,
आणि थांबलीच नाही:
अंगातून ताप निघाला नाही तोच चुलीपाशी?
एवढे धट्टेकट्टे मासे धरणारे,
एकाने तरी पीठ भिजवलं असतं!
आम्ही हसलो. नियम मोडला, पण हसलो.
कपिला तर पदर तोंडात धरून.

वेस्तीबाई हसली नाही.
तीन वर्षं येते, पायरीच्या कडेला बसते,
पाळी आली की मान हलवते, पुढे जा म्हणून.
आज म्हणाली,
"ती जवाईना घर व्हती."

मी पान पुन्हा पाहिलं.
खरंच की. शिमोनाचं घर. शिमोनाची सासू.
एवढ्या वेळा वाचून
मला ती फक्त आजारी दिसली होती,
कुणाच्या छपराखाली, ते नाही.

"जवाईना घर पडी ऱ्हाता येत नही,"
ती म्हणाली. सुगंधाला नाही, पायरीला.

मुलगा गेल्यावर ती लेकीकडे आली, मार्सेलाकडे.
जावई वाईट नाही. ट्रॅक्टर चालवतो, वर आवाज करत नाही.
तरी ती चारला उठते, त्याच्याआधी,
अंगण झाडते, पाणी भरते,
सगळ्यांच्या मागून जेवते,
आणि लेकीच्या घरचं पाणी पिते म्हणून
अजून कधीकधी स्वतःलाच हसते.
गेल्या पोळ्याला तिला ताप होता.
कुणाला कळलं नाही. आम्हाला आत्ता कळलं.

कुणी काही बोललं नाही, नियम होता म्हणून,
आणि नसता तरी.

मी तिसऱ्यांदा वाचलं. हळू.
वाढायला लागली, इथे माझा आवाज अडकला,
ते शब्द मघासारखे राहिले नव्हते.
अंधारात पंपाचा आवाज बंद झाला होता,
दुरून कुणाची बकरी.

मग वेस्तीबाईच म्हणाली, बऱ्याच वेळाने,
"पन पहिले तिना जोडे गया तो.
जेवनना पहिले."

आमेन म्हणायचं राहूनच गेलं.

लाइट आली. ती उठली, स्टोव्हकडे गेली.
बस ना, बस, आम्ही तिघी-चौघी म्हणालो,
सुगंधाने तर तिचा हात धरला.
तिने तो सोडवला, रागाने नाही,
आणि चहा तिनेच केला.
आलं जास्त पडलं होतं.
आम्ही फुंकून फुंकून प्यायलो.